मोरी तुंबते तेव्हा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, तो विषय जेवणाच्या पाटावर काढायचा नाही असा आमच्या घरात दंडक होता. तेव्हा आपण सकाळचा चहा घेत असाल, तर तो आधी संपवावा. विषय आहे घरातलं सांडपाणी. म्हणजे आपली मोरी, तिची नळी, ती नळी जिथं जाते ते गटार, आणि ते तुंबतं तेव्हा काय होतं, त्याचा इतिहास.

याला निमित्त घडलं ते गेल्या श्रावणात. आमच्या सोसायटीतल्या तळमजल्यावरच्या बाईंच्या मोरीतून पाणी उलटं वर यायला लागलं. वरच्या मजल्यावर कुणी आंघोळ केली, की यांच्या मोरीत साबणाचा फेस. कुणी भांडी घासली, की यांच्याकडे भाताची शितं. दुसऱ्या दिवशी दोन माणसं बोलावण्यात आली. एकाच्या खांद्यावर बांबूच्या लांब कामट्या, दुसऱ्याच्या हातात लोखंडी आकडा. इमारतीच्या मागे चेंबर आहे, त्याचं झाकण उघडलं. कामट्या आत सारल्या, त्या अर्ध्या वाटेत अडल्या. तेव्हा दोघांतला धाकटा, असेल विशीतला, अंगातला शर्ट काढून भिंतीवर ठेवायला लागला. तो आत उतरणार होता.

मी तिथंच उभा होतो. नाकाला रुमाल लावून. तीस वर्षं मी शाळेत इतिहास शिकवला. मोहेंजोदडोची भुयारी गटारं हा तर माझा आवडता धडा. पण त्या क्षणी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. पुढं झाल्या त्या तळमजल्यावरच्या बाई. म्हणाल्या, "अरे, उतरू नकोस. मशीन मागवू." सेक्रेटरींनी खर्चाचा आकडा सांगितला, बाईंनी ऐकून घेतला आणि पुन्हा तेच म्हणाल्या, "उतरू नकोस." संध्याकाळी पाण्याच्या दाबानं नळी साफ करणारी गाडी आली, आणि अर्ध्या तासात काम झालं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आपण इतकी वर्षं मुलांना नेमकं काय शिकवलं, असा प्रश्न पडला. म्हणून हा सगळा इतिहास पुन्हा एकदा वाचायला घेतला. त्यातलं थोडं आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात अर्थातच मोहेंजोदडोपासून. सिंधमधलं हे गाव १९२२ साली राखालदास बॅनर्जी यांच्या उत्खननातून उजेडात आलं. इसवी सनपूर्व २६०० ते १९०० हा त्या नगरांच्या भरभराटीचा काळ. म्हणजे आजपासून चार ते साडेचार हजार वर्षं मागं. तिथल्या घराघरांतून न्हाणीघर आहे. भाजलेल्या विटा एकमेकींना घट्ट लावून केलेली फरसबंदी, तिला एका कोपऱ्याकडे उतार, आणि त्या कोपऱ्यातून पाणी भिंतीपलीकडे. काही घरांत वरच्या मजल्यावरून भाजक्या मातीच्या नळ्या भिंतीतून खाली आणलेल्या आहेत. घरातलं पाणी आधी एका खड्ड्यात किंवा रांजणात पडायचं, गाळ तिथं बसायचा आणि वरचं पाणी रस्त्याच्या गटारात जायचं. गटारावर विटांची किंवा दगडी फरशांची झाकणं. गरज पडली की उचलता येतील अशी.

हे सगळं मी वर्गात सांगत असे. पण एक गोष्ट सांगायची राहून जाई. तिथं उत्खनन करणारे अर्नेस्ट मॅके यांना गटारांच्या कडेला ठिकठिकाणी करड्या-हिरवट वाळूचे छोटे छोटे ढीग सापडले. त्यांनी त्याचा अर्थ लावला, तो असा, की गटारं ठरावीक काळानं साफ केली जात होती आणि काढलेला गाळ तिथंच बाजूला टाकलेला राहिला. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी नालेसफाई होते आणि गाळ आठवडाभर रस्त्याच्या कडेला वाळत पडतो, अगदी तसंच. फक्त हा गाळ चार हजार वर्षं पडून राहिला.

म्हणजे ज्या नगराची आपण पाठ थोपटतो, त्याचं मोठेपण विटांच्या बांधणीइतकंच त्या ढिगांत होतं. कुणीतरी नियमानं झाकण उचलत होतं, हात घालत होतं, गाळ काढत होतं. तो कोण होता, हे मात्र विटा सांगत नाहीत. त्या नगरांच्या उतरत्या काळाचे थर पाहिले, तर तिथं घरं दाटीवाटीची आहेत, बांधकाम हलकं आहे आणि गटारांची निगा सुटलेली आहे. नगराला उतरती कळा लागली, की ती गटारात आधी दिसते.

आता तिथून रोमला जाऊ. रोममधलं 'क्लोआका मॅक्सिमा' हे मोठं गटार इसवी सनपूर्व सहाव्या शतकात बांधायला घेतलं, असं परंपरा सांगते. आधी ते उघडा कालवा होतं, पुढं त्यावर दगडी कमानी आल्या. इसवी सनपूर्व ३३मध्ये अग्रिप्पा या बड्या अधिकाऱ्यानं रोमची गटारं साफ करवून घेतली आणि नंतर स्वतः होडीतून त्यातून फिरून टायबर नदीपर्यंत गेला, अशी नोंद आहे. रोमन लोकांची गटाराची देवीसुद्धा होती, क्लोआकिना नावाची.

पण देवीची पूजा करणारं हे रोम गटारात कुणाला पाठवत होतं? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला धाकटा प्लिनी हा एका प्रांताचा सुभेदार होता. त्यानं सम्राट ट्राजनला विचारलं, की शिक्षा झालेले काही गुन्हेगार शहरांत सरकारी नोकर म्हणून वावरत आहेत, त्यांचं काय करू? ट्राजनचं उत्तर जपून ठेवलं गेलं आहे. ज्यांच्या शिक्षेला दहा वर्षं उलटून गेली आहेत आणि जे म्हातारे झालेत, त्यांना शिक्षेच्या जवळपास जाणारी कामं द्यावीत. कोणती? सार्वजनिक स्नानगृहांतली, गटारसफाईची, रस्त्यांची. मंडळी, शिक्षेच्या जवळपास जाणारं काम. हे शब्द लक्षात ठेवा, पुढं ते लागणार आहेत.

आपल्या गावाकडे मोठी गटारं नव्हती आणि त्यांची फारशी गरजही पडत नव्हती. माझ्या आजोळी न्हाणीचं पाणी परसात जायचं. तिथं अळू, केळी आणि कर्दळ. पाणी मुरायचं, अळू माजायचं, आणि त्याच अळूचं फतफतं पानात यायचं. भांडी राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं घासायची. तेल असायचं ते राख शोषून घ्यायची, आणि राख आळ्यात पडायची. पाणी विहिरीतून शेंदून आणायचं, त्यामुळे ते सांडायचंही बेतानं. तुंबायला त्यात काही नव्हतंच. संडासाचा प्रश्न वेगळा होता, आणि मोठ्या गावांत तो कुणाच्या तरी डोक्यावरच्या पाटीत होता, हेही विसरता येणार नाही.

शहरात पाणी नळानं आलं आणि गणित बदललं. त्याआधी एका घड्याळजीची गोष्ट सांगायला हवी. अलेक्झांडर कमिंग हा मूळचा स्कॉटलंडचा, लंडनमध्ये घड्याळं बनवणारा. १७७५मध्ये त्यानं पाण्यानं धुतल्या जाणाऱ्या शौचकूपाचं पेटंट घेतलं. त्यात नळीला त्यानं एक वाकण दिलं. त्या वाकणात थोडं पाणी कायम साचून राहतं आणि गटारातली घाण हवा त्या पाण्याला अडून घरात येत नाही. युक्ती एवढीच. पण शहरातल्या माणसाचं घर आणि गटार यांच्यामध्ये आजही हेच बोट-दोन बोटं पाणी उभं असतं. आपल्या मोरीतल्या जाळीखाली जे भांडं असतं, त्याला आपल्याकडचे प्लंबर आणि इंजिनिअर 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. इंग्रजी पाठ्यपुस्तकांतही हाच शब्द आहे. आपल्या न्हाणीशी नातं सांगणारा शब्द असा इंजिनिअरिंगच्या पुस्तकात जाऊन बसला आहे.

हे पाणी आटलं तर काय होतं, ते २००३मध्ये हाँगकाँगला दिसलं. सार्सची साथ होती. अमॉय गार्डन्स नावाच्या उंच इमारतींच्या वसाहतीत तीनशेहून अधिक लोक आजारी पडले. तपासात असं आढळलं, की अनेक न्हाणीघरांतल्या जमिनीवरच्या जाळ्यांत पाणी ओतलं जात नव्हतं, त्यामुळे त्याखालची वाकणं कोरडी पडली होती. न्हाणीघरातला पंखा लावला, की तो सामायिक नळीतली हवा आत ओढून घ्यायचा. तेव्हा न वापरल्या जाणाऱ्या मोरीत आठवड्यातून एकदा तांब्याभर पाणी ओता, ही आजीची सवय उगाच नव्हती.

लंडनकडे परत वळू. तिथं १८१५पर्यंत घरातला मैला गटारात सोडायला मनाई होती. गटारं पावसाच्या पाण्यासाठी. मैला घराखालच्या खड्ड्यात साठायचा आणि रात्री माणसं येऊन तो उपसून न्यायची. पुढं पाण्याचे शौचकूप वाढले, खड्डे भरून वाहू लागले. मग १८४८च्या सुमाराला उलटा हुकूम निघाला, की घरं गटारांना जोडा. घरं धुतली गेली आणि सगळी घाण टेम्स नदीत गेली. पिण्याचं पाणी तर त्याच नदीतून यायचं.

१८५४च्या ऑगस्टअखेरीला सोहो भागातल्या ब्रॉड स्ट्रीटवर पटकीनं थैमान घातलं. सहाशेहून अधिक माणसं गेली. डॉक्टर जॉन स्नो यांनी मृत्यू नकाशावर मांडले आणि बोट ठेवलं ते रस्त्यावरच्या हातपंपावर. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. एवढी गोष्ट आपल्यापैकी अनेकांना माहीत असते. पण पंपात घाण आली कुठून? ते शोधलं त्या भागातल्या हेन्री व्हाइटहेड या पाद्र्यानं. पंपाजवळच्या ४० नंबरच्या घरात एक तान्ही मुलगी सुरुवातीलाच दगावली होती. तिच्या आईनं लंगोट धुतलेलं पाणी घरासमोरच्या खड्ड्यात ओतलं होतं. १८५५मध्ये तिथं खोदून पाहिलं. खड्ड्याच्या विटा निसटलेल्या, घराची नळी निकामी, आणि विहिरीपासून अंतर तीन फुटांहून कमी. साऱ्या वस्तीवर आलेलं संकट एका घराच्या नादुरुस्त मोरीतून आलं होतं. त्यात त्या आईचा काय दोष? तिनं पाणी जिथं ओतायचं तिथंच ओतलं होतं.

पुढं १८५८च्या उन्हाळ्यात टेम्सला इतकी दुर्गंधी सुटली, की पार्लमेंटच्या पडद्यांना चुन्याचं जंतुनाशक लावावं लागलं. नाकाशी आल्यावर कायदा लवकर झाला. जोसेफ बॅझलजेट या इंजिनिअरनं ८२ मैलांची मुख्य गटारं बांधली. त्या काळात गटाराचा आकारही बदलला होता. खाली निमुळतं, वर रुंद, उभ्या अंड्यासारखं. का? तर पाणी थोडं असलं तरी ते अरुंद तळातून जोरात वाहावं आणि गाळ सोबत घेऊन जावं. गटाराचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे. पाण्याला वेग हवा. उतार कमी पडला तर गाळ बसतो. आणि आपल्याला वाटतं, उतार जितका जास्त तितकं चांगलं. तसंही नाही. घरच्या नळीला फारच उतार दिला, तर पाणी पुढं पळून जातं आणि जड घाण मागं राहते.

आता आपल्या मुंबईत येऊ. मुंबईला विहार तलावाचं पाणी १८६०मध्ये मिळालं. पुढं १८७९मध्ये तुळशी, १८९२मध्ये तानसा. पाणी येत गेलं, पण आलेलं पाणी जायचं कसं याची सोय त्या गतीनं झाली नाही. १८७०च्या आसपास कॅप्टन टलक यांनी शहराच्या मलनिःसारणाची योजना मांडली, पुढं वरळीला लव्हग्रोव्हचं पंपिंग स्टेशन झालं. तरीही गिरणगावात, मांडवीत, चाळींच्या दाट वस्तीत नळ आधी पोचला आणि धड गटार मागाहून.

मी स्वतः गिरगावच्या चाळीत वाढलो. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात वीतभर उंचीचा कट्टा घातलेली मोरी. त्या मोरीत आंघोळ, तिथंच भांडी, तिथंच धुणं. मोरीची नळी भिंतीबाहेरच्या उभ्या पाइपात आणि तो पाइप खाली घरगल्लीत. तरुण श्रोत्यांना घरगल्ली ठाऊक नसेल. दोन चाळींच्या पाठींमध्ये एक चिंचोळी फट ठेवलेली असायची. मुंबईच्या १८८८च्या महापालिका कायद्यात तिची व्याख्याच दिलेली आहे. सांडपाणी वाहून जावं, आणि संडास साफ करणाऱ्या पालिकेच्या नोकरांना मागून ये-जा करता यावी, यासाठी राखलेली जागा. म्हणजे ज्या माणसावाचून चाळ एक दिवस चालली नसती, त्याच्यासाठी कायद्यानं वेगळी वाट आखली, आणि ती वाट गटारातून नेली. त्याच कायद्यात एक कर होता, त्याचं नाव 'हलालखोर कर'. मैला उचलणाऱ्याला हलालखोर म्हणायचे, म्हणजे घामाची भाकर खाणारा. नाव किती चांगलं! वागणूक तशी मिळाली असती, तर बरं झालं असतं.

सप्टेंबर १८९६मध्ये मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांना प्लेगचे रोगी आढळले. प्लेग उंदरांवरच्या पिसवांतून पसरतो, हे पॉल-लुई सिमों या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८९८मध्ये दाखवलं. तोवर साऱ्यांचा संशय घाणीवर आणि गटारांवर. म्हणून मुंबईची गटारं समुद्राच्या पाण्यानं आणि कार्बोलिक आम्लानं धुवायची मोहीम निघाली. रोगाचं कारण चुकलं होतं, तरी शहराला आपल्या गटारांची आठवण झाली ती अशी. आणि आणखी एका गोष्टीची आठवण झाली. प्लेगच्या सक्तीला घाबरून माणसं शहर सोडत होती. त्यांच्याबरोबर सफाई कामगारही निघून जातील, अशी धास्ती अधिकाऱ्यांना पडली. ती माणसं गेली असती, तर मुंबई राहण्याजोगी उरलीच नसती. ज्यांना मागच्या गल्लीतून यायला लावलं, त्यांच्या हातात सगळं शहर होतं.

आता मघाचे ट्राजनचे शब्द आठवा. शिक्षेच्या जवळपास जाणारं काम. रोमनं हे काम गुन्हेगारांना दिलं. आपण काय केलं? आपण ते जन्माला बांधलं. गुन्हेगाराची शिक्षा त्याच्याबरोबर संपते. आपल्याकडची बापाकडून मुलाकडे गेली.

याच्या विरोधातली एक घटना आपल्या कोकणात घडली, ती मी वर्गात कधी सांगितली नाही, याची मला खंत आहे. १९३२ साल. आप्पासाहेब पटवर्धन रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तुरुंगातही सफाईचं काम जातीनं ठरायचं. आप्पासाहेब जन्मानं ब्राह्मण. त्यांनी भंगीकाम मागितलं, तुरुंगानं नाकारलं, तेव्हा त्यांनी उपोषण आरंभलं. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही डिसेंबरमध्ये त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण सुरू केलं आणि सरकारकडून आश्वासन आल्यावर ते सोडलं. रोममध्ये शिक्षा म्हणून दिलेलं काम मिळावं, यासाठी रत्नागिरीत एक माणूस उपाशी राहिला. पुढं आप्पासाहेबांनी कणकवलीजवळच्या गोपुरी आश्रमात संडासाचे, सोनखताचे प्रयोग केले. नुसतं हृदयपरिवर्तन पुरत नाही, हाताला घाण न लागणारी रचनाही लागते, हे त्यांनी ओळखलं होतं. त्याच काळात गाडगेबाबा खराटा घेऊन गावोगाव फिरत होते. त्यांच्याच नावानं महाराष्ट्रात २०००-०१पासून ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, त्यात घराघरांपुढं शोषखड्डे झाले. नांदेड जिल्ह्यातल्या काही गावांनी सांडपाण्याचा थेंब न् थेंब शोषखड्ड्यात जिरवला. उघडी गटारं गेली, डासही कमी झाले. आजीच्या अळूच्या आळ्याचंच ते नवं रूप म्हणायचं.

कायदेही झाले. हातानं मैला उचलण्यावर बंदी घालणारा पहिला केंद्रीय कायदा १९९३चा. २०१३च्या दुसऱ्या कायद्यानं संरक्षक साधनांवाचून गटारात आणि सेप्टिक टाकीत माणूस उतरवणं हाही गुन्हा ठरवला. २७ मार्च २०१४ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की १९९३पासून गटारात मरण पावलेल्या प्रत्येकाच्या कुटुंबाला १० लाख रुपये द्या. २० ऑक्टोबर २०२३च्या निकालात ही रक्कम ३० लाख झाली. केरळमधल्या तरुण इंजिनिअरांनी २०१८मध्ये मॅनहोलमध्ये उतरणारं यंत्रही आणलं. तरीही कामगार गुदमरून गेल्याच्या बातम्या येतातच. गटारातल्या कुजणाऱ्या घाणीतून हायड्रोजन सल्फाइड निघतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. फार असला, तर तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. आत उतरलेल्याला वाटतं, वास गेला, धोका टळला. तेवढ्यात शुद्ध हरपते. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही परत येत नाही. म्हणून कायद्याचं कलम माहीत नसलेल्या त्या बाई "उतरू नकोस" म्हणाल्या, तेव्हा त्या एकाचा नव्हे, कदाचित दोघांचा जीव वाचवत होत्या.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही काय करायचं? मशीन सोसायटीनं आणायचं, गटार पालिकेनं बांधायचं. खरं आहे. पण चेंबरमध्ये काय साचतं, ते आपल्या ओट्यावरून ठरतं. आमच्या चेंबरमधून त्या दिवशी निघालं काय? पांढरट, साबणासारखे घट्ट गोळे. ते तळणीचं तेल होतं. गरम असताना ते सुरळीत वाहतं, नळीत थंड झालं की भिंतीला चिकटतं, त्यावर केस, भाताची शितं, चहाचा चोथा. लंडनमध्ये २०१७ साली व्हाइटचॅपलच्या गटारात असा एक गोळा सापडला. लांबी २५० मीटर आणि वजन १३० टन! तो फोडायला माणसं कित्येक आठवडे खपत होती.

म्हणून साध्या चार गोष्टी सांगतो. उरलेलं तेल मोरीत ओतू नका. तेलकट कढई आधी रद्दी कागदानं पुसा, मग घासा. जाळी रोज उचला आणि तिच्यावरचा कचरा डब्यात टाका. नळीत ढकलू नका. तुंबलंच, तर आधी रबरी पंप वापरा. पंप दाबताना त्याच्या वाटीभोवती पाणी असू द्या, नाहीतर नुसती हवा दाबली जाते. बेसिनखालचं वाकण बहुधा हातानं उघडता येतं. खाली बादली ठेवा आणि उघडून धुवा. बाजारातल्या तुंबण काढणाऱ्या पावडरी जपून वापरा. आणि आम्ल व ब्लीच कधीही एकत्र करू नका, त्यातून क्लोरीन वायू निघतो. नळीत पावडर ओतली असेल, तर मदतीला येणाऱ्या माणसाला ते आधी सांगा, कारण हात त्याचा आत जाणार असतो. काच, ब्लेड, सॅनिटरी नॅपकिन, यांतलं काहीही संडासात टाकू नका. आपल्याला ते दृष्टिआड होतं, एवढंच. कुणाच्या तरी हाताला ते लागतंच.

शेवटी एक सांगून थांबतो. त्या दिवशी गाडी येईपर्यंत ते दोघं आमच्या जिन्याच्या पायरीवर बसून होते. धाकट्यानं पाणी मागितलं. मी घरात गेलो. गिरगावच्या घरी खिडकीच्या तावदानाशी एक कान तुटलेला कप ठेवलेला असायचा. घरगल्ली झाडायला येणाऱ्या बाईंना माझी आई त्यात वरून चहा ओतायची. आई मायाळू होती. चहात साखर कधी कमी नसायची. पण कप तोच, आणि तो घासायच्या त्या बाई स्वतःच. हे मला पन्नास वर्षांत आठवलं नव्हतं. आठवलं ते पाणी आणायला गेलो तेव्हा, कारण माझा हात फडताळातल्या रोजच्या पेल्यांकडे न जाता आधी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या जुन्या ग्लासाकडे गेला होता.

मग मी रोजचाच स्टीलचा पेला भरून नेला. यात मोठेपणा काही नाही. हात आधी कुठं गेला, ते मला ठाऊक आहे. त्या मुलानं पाणी प्यायलं, आणि सवयीनंच विचारलं, "काका, पेला धुऊन ठेवू का?"

मी म्हटलं, "नको. आत मोरी आहे."

तेव्हापासून आमच्या मोरीची जाळी दर शनिवारी मी काढतो आणि धुतो. बायको म्हणते, उशिरा का होईना, सुचलं.